यल्लमा, धरण आणि कर्ण

१९८०च्या दशकात देवदासी प्रथा या एकाच विषयावरच्या दोन कादंबऱ्या मराठीत जवळपास पाठोपाठ आल्या. राजन गवस यांची ‘चौंडकं’ १९८५ची. उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’ त्याच सुमाराची. दोन्हींत यल्लमा देवी आहे, देवाला सोडलेली मुलगी आहे, भंडारा आहे, जोगवा आहे. चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथाही याच वाटेवरची. ‘आपल्या मनातला विषय आधीच कुणीतरी लिहून टाकलाय’ हे न लिहिण्याचं सबळ कारण असतं, तर यातलं निदान एक पुस्तक झालंच नसतं.

आज हे कारण फार ऐकू येतं. शिबिरांत नवे कथाकार विचारतात, दिवाळी अंकांचे संपादक कुरकुरतात, जुने लेखकही मान्य करतात: नवं काही सुचत नाही. दुष्काळ झाला, आत्महत्या झाल्या, गावकी-भावकी झाली, शहरातला एकटेपणाही झाला. मग उरलं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्याइतकी चांगली जागा नाही. गवस यांनी इथल्याच गारगोटीच्या कर्मवीर हिरे महाविद्यालयात दीर्घकाळ मराठी शिकवलं. जे. पी. नाईकांनी उभ्या केलेल्या मौनी विद्यापीठाचं हे गाव. पलीकडे गडहिंग्लज, सीमा ओलांडली की निपाणी, आणि पुढे यल्लमाच्या सौंदत्तीची वाट. देवदासी प्रथेविरुद्धची चळवळ याच पट्ट्यात रुजली. केसांत जट आली की पोरीला देवाला सोडायचं, हे इथल्या माणसाने वर्तमानपत्रात वाचलेलं नसतं. गल्लीत पाहिलेलं असतं. पण पाहिलेलं असणं पुरेसं नाही, कारण ते साऱ्या गल्लीनेच पाहिलेलं असतं. गवस यांनी ‘चौंडकं’मध्ये देवाला सोडलेल्या सुलीची कहाणी सांगितली आणि तीन वर्षांनी ‘भंडारभोग’मध्ये त्याच प्रथेच्या दुसऱ्या टोकाला हात घातला: जोगत्या. देवीच्या नावाने लुगडं नेसावं लागलेला पुरुष, ज्याच्याकडे करुणेनेही कुणी नीट पाहिलं नव्हतं. एकाच लेखकाने एकाच प्रथेवर दुसऱ्यांदा लिहिलं आणि तरी ते दुसरं पुस्तक पहिल्याची सावली झालं नाही. पुढे राजीव पाटील यांनी २००९ साली ‘जोगवा’ हा चित्रपट काढला तेव्हा या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागरांची कथा एकत्र गुंफता आल्या, त्याही तिन्ही वेगवेगळ्या होत्या म्हणूनच.

भुदरगडला लागून आजरा तालुका. शिवाजी सावंत तिथले. कर्णाची गोष्ट ठाऊक नसलेला मराठी वाचक १९६७ साली सापडला नसता, आणि नेमकी तीच गोष्ट त्यांनी ‘मृत्युंजय’साठी निवडली. त्यांनी ती वाटून दिली: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडाने बोलतात. वाचकाला शेवट माहीत होता. शोणाच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या जागेवरून तो कसा दिसतो ते माहीत नव्हतं. नंतर महाभारतातल्या एकेका व्यक्तिरेखेवर कादंबऱ्यांची रांग लागली. त्या लिहिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी सावंतांचा विषयही उचलला आणि सांगायची रीतही. खरी अडचण इथे सुरू होते. लेखक विषयासोबत तो सांगायची तयार चालही वारशात घेतो, आणि मग त्याला वाटतं, विषय संपला.

ग्रामीण कथेचं हेच झालं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ची, ‘बनगरवाडी’ १९५५ची. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने इरसाल गावकरी घराघरांत पोहोचला. ती माणसं त्या त्या लेखकांनी निरखलेली होती. पुढच्यांनी मात्र गावाकडे न जाता त्या कथांकडे पाहून गाव लिहिलं. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’नंतर शेतकऱ्याच्या दुःखाचंही असंच होत गेलं. कर्ज, सावकार, कोरडी विहीर, दोर: क्रम ठरून गेला, आणि इतक्या खऱ्या वेदनेचा साचा व्हावा हे वाचताना जीव तुटतो.

अशा वेळी पन्हाळा भागातले कृष्णात खोत काय करतात ते पाहावं. धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ सालीच आली होती आणि तिला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. पुनर्वसनाची कागदपत्रं, साहेबांचे दौरे, तुटणारी गावं, सगळं त्या कादंबरीने घेतलेलं. खोतांनी ‘रिंगाण’मध्ये मागे राहिलेली म्हैस घेतली. गाव उठलं, माणसं गेली, जनावर तिथेच राहून रानटी झालं, आणि देवाप्पा तिला शोधायला परत त्या बुडित मुलखात निघतो. धरणग्रस्तांबद्दल सांगण्यासारखं अजून किती शिल्लक होतं, ते त्या एका जनावराने उघड केलं. ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी दोनच वर्षं कोल्हापूरच्याच किरण गुरव यांना ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’साठी तो मिळाला होता. तिथेही खेड्यातून शिकायला बाहेर पडलेला मुलगा आहे. मराठीत याहून वापरलेला विषय क्वचितच सापडेल.

उसनवारीचं म्हणाल तर मराठी कादंबरीला ती जन्मापासून चिकटलेली आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या आधाराने उभी राहिली. तेच हरिभाऊ काही वर्षांत ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहितात आणि यमूच्या घरातलं माजघर उघडतात. पहिलं उसनं होतं म्हणून दुसरं अडलं नाही.

दोष एकट्या लेखकाचा नाही. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीला बांधलेलं आहे. पावसाळ्यात मागणी येते, गणपतीच्या आसपास मजकूर द्यावा लागतो. एवढ्यात जे हाताशी येतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कथेतून आलेलं असतं. याउलट निपाणीचे कथाकार महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बाया त्यांच्या कथेत आल्या त्या या दीर्घ सहवासातून. भुदरगडात आज रानगवे उसात शिरतात, पाटगावला मधाचं गाव म्हणून पर्यटक येतात, जोगत्यांची पिढी म्हातारी झाली आहे. यातलं काही लिहायचं तर एखाद्या तरुण कथाकाराला दोन-तीन वर्षं तिथल्या वाड्यांवर फिरावं लागेल. संपादकांनी त्याच्याकडून दर दिवाळीला कथा मागण्याऐवजी ही वर्षं त्याला मानधनासह दिली पाहिजेत.