‘द वुमन किंग’ या चित्रपटांतील इतिहास

पश्चिम आफ्रिकेंतील दाहोमी राज्याच्या स्त्रीसैन्यावर 2022 सालीं निघालेला हा चित्रपट आम्हांस आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें दाखविला. तो तळोद्याकडील एका आश्रमशाळेंत शिक्षक आहे व मुलांस हा चित्रपट दाखवावा कीं नाहीं, याविषयीं त्यास आमचें मत हवें होतें. त्या निमित्तानें हें परीक्षण.

ऐतिहासिक चित्रपट पाहतांना पागोटें कोणत्या घाटाचें, तलवार सरळ कीं वांकडी, एवढ्यावर आमच्याकडील बहुतेक टीकाकार थांबतात. त्या बाबतींत येथें आमची फारशी तक्रार नाहीं. हें स्त्रीसैन्य खरोखरच होतें. रिचर्ड बर्टन यानें 1863-64 मध्यें त्या दरबारीं जाऊन त्यावर लिहिलें, आणि शतकाच्या अखेरीस फ्रेंचांशीं झालेल्या युद्धांत त्या स्त्रिया लढून मेल्या. कवाईतीचीं दृश्यें तर फार सरस उतरलीं आहेत.

आमचा आक्षेप वेगळा आहे. कथेचा काळ 1823 हा होय. त्या सुमारास राजा गेझो यानें ओयो राज्याची खंडणी झुगारून दिली, हें खरें. परंतु चित्रपटांतील सेनापति नानिस्का राजास गुलामांचा व्यापार सोडून पामतेलाचा व्यापार करण्याची मसलत देते, राजा अखेरीस तिच्या बाजूस वळतो, आणि बंदरावरील गोरा व्यापारी मारला जातो. वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट आहे. गेझोस 1818 मध्यें गादी मिळवून देण्यांत ज्याचा मोठा हात होता, तो फ्रान्सिस्को फेलिक्स द सूझा ब्राझीलकडील गुलामांचा व्यापारीच होता. राजानें त्यास ‘चाचा’ हा किताब देऊन व्हिदा बंदरांत मानानें ठेविलें, व तो 1849 मध्यें वृद्धपणीं मेला. व्यापार बंद करण्याचा करार गेझोनें केला तो 1852 च्या जानेवारींत, आणि तोही इंग्रजी आरमारानें किनारा कोंडल्यावर. तो फार काळ पाळला गेला नाहीं. पामतेलाच्या मळ्यांवरही गुलामच राबत होते.

1860 मध्यें, गेझोचा पुत्र ग्लेले याच्या कारकीर्दींत, दाहोमीच्या सैन्यानें पहाटे एका गांवावर छापा घालून कोसोला नांवाच्या तरुणास धरलें. ‘क्लोटिल्डा’ जहाजांतून तो अमेरिकेंत अलाबामास नेला गेला व तेथेंच 1935 त वारला. त्याच्या तोंडची हकीकत झोरा नील हर्स्टन या विदुषीनें टिपून ठेविली. ती पुस्तकरूपानें निघावयास 2018 साल उजाडलें. पडद्यावर जी शूर स्त्री बेड्या तोडते, तिच्याच सैन्यांतील स्त्रियांस कोसोलानें आपल्या गांवच्या वेशीवर माणसें कापतांना पाहिलें होतें. यानें विकत घेणाऱ्या गोऱ्यांचा दोष रतीभरही कमी होत नाहीं. विकणाऱ्यांचा मात्र लपवितां येत नाहीं.

कवीस एवढी मोकळीक असते, असें कोणी म्हणेल. ती असते, हें आम्हां संस्कृत शिकविणाऱ्यांस सांगावयास नको. नायकास किंवा रसास विरुद्ध जाईल तें टाकावें अथवा पालटून घ्यावें, असें धनंजयानें दशरूपकांत स्पष्टच म्हटलें आहे. कालिदासानेंही दुर्वासाचा शाप घालून दुष्यंताचें उणें झांकलें, आणि तो शाप आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत कौतुकानें शिकविला. परंतु शाकुंतल कोणी पुरावा म्हणून वाचीत नाहीं. येथें चित्रपट सत्य घटनांचा आधार सांगतो, व जे विकले गेले त्यांचे वंशज आज हयात आहेत. धनंजयाचा नियम येथें लावला तर त्यांची फिर्याद ऐकण्यास कोणी उरत नाहीं.

चित्र हें राजाच्या इच्छेप्रमाणें कसें वळतें, याचें उदाहरण आमच्याच इतिहासांत आहे. हबशाणांत जन्मलेला, हातोहात विकला जात बगदादमार्गें अहमदनगरास पोंचलेला मलिक अंबर पुढें निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. जहांगीराच्या अबुल हसन या चित्रकारानें, बादशहा अंबराच्या तोडलेल्या मस्तकावर बाण सोडीत आहे, असें चित्र काढलें. टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरांत नंदुरबारवरून बऱ्हाणपुरास गेला, त्याच सुमाराचें हें चित्र. प्रत्यक्षांत अंबर त्यानंतर सुमारें दहा वर्षें जगला, 1624 मध्यें भातवडीस त्यानें मोगलांचा व आदिलशहाचा मोड केला, आणि 1626 त तो आपल्या मरणानें मेला. परमानंदाच्या शिवभारतांत त्याचा गौरव आहे. चित्रांत नुसतें डोकें आहे.

आमचेंही माप चुकतें. 2015 त ‘बाजीराव मस्तानी’ निघाला तेव्हां काशीबाई व मस्तानी एकत्र पिंगा नाचल्या म्हणून पुण्यांत गहजब झाला. आक्षेप रास्तच होता. परंतु पेशवे दप्तरांत ज्यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, त्या कुणबिणी या वाड्यांत कोठें आहेत, असें विचारणारा एकही लेख आमच्या वाचनांत आला नाहीं. मनूचे सात व नारदाचे पंधरा दासप्रकार आम्हांस पाठ होते. कुणबिणीचा उल्लेख आम्हींही वर्गांत कधीं केला नाहीं.

त्या शिक्षकास आम्हीं कळविलें कीं चित्रपट दाखवावा, परंतु आधीं कोसोलाची हकीकत मराठींत सांगावी. त्याच्या वर्गांतील बऱ्याच मुलांचे आजे शहादे-तळोदे भागांत सालदार होते. उचल घेऊन वर्षभर दुसऱ्याच्या शेतावर बांधलें जाणें म्हणजे काय, हें त्या घरांत ठाऊक आहे, व 1972 च्या सुमारास श्रमिक संघटनेनें त्याविरुद्ध उभारलेली चळवळही ठाऊक आहे. कोसोलास कोणीं विकलें, हा प्रश्न तीं मुलें पहिल्याप्रथम विचारतील. त्याचें उत्तर या चित्रपटांत मिळत नाहीं.