खर्ज हलका झाला तेव्हा : चरणजित सिंग यांच्या एका तबकडीविषयी

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



सोलापुरात 'बेस' हा शब्द उच्चारला की कुणाच्या डोळ्यापुढे गिटार येत नाही, डीजे येतो. मिरवणूक, ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, थरथरणाऱ्या काचा, आणि घरातलं म्हातारं माणूस छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसलेलं. या सगळ्यात एक शब्द फुकट बदनाम झाला. बेस म्हणजे खर्ज. तो कानानं ऐकायचा असतो. छातीवर बुक्का मारणं हा त्याचा एक उपयोग झाला, तो काही त्याचा धर्म नव्हे.

आज मला एका तबकडीविषयी बोलायचंय. १९८२ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं काढलेली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. दहा राग, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. वाजवणारे चरणजित सिंग. हे मुंबईच्या सिनेसंगीतातले जुने वादक. बेस गिटार, साधी गिटार आणि नंतर सिंथेसायझर वाजवायचे. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, सगळ्यांकडे वाजवलेले. कुठल्या गाण्यात नेमका बेस यांचा, हे मात्र तबकडीच्या वेष्टनावरून तुम्हाला कळणार नाही. आपल्याकडे वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती. गायक, गीतकार, संगीतकार, संपलं. ज्यानं खालचा मजला बांधला त्याचं नाव पाटीवर नाही.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे मी हे सगळं कुठल्या खुर्चीवर बसून बोलतोय ते कळेल. मी अठरा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. गणपती, नवरात्र, लग्नं, आणि वर्षातून एकदोनदा हुतात्मा स्मृती मंदिराचा मंच. पंधरा इंची स्पीकरचं प्लायवूडचं कॅबिनेट होतं, इथल्याच एका सुतारानं करून दिलेलं. टेंपोतून उतरवायला दोघं लागायचे. वाजवणं सुटलं ते कंटाळा म्हणून नाही, कंबर म्हणून. वीस वर्षांनी, साठीच्या तोंडावर पुन्हा सुरू केलं तेव्हा पहिला प्रश्न संगीताचा नव्हताच. उचलायचं कसं, हा होता. मग आखूड लांबीची गिटार घेतली, तीन किलोच्या आतबाहेर. आणि दोन किलोंचा अ‍ॅम्प्लिफायर. जुना दोस्त बघायला आला. म्हणाला, "काय बे, हे टिफिनचा डबा हाय का?" (हशा)

तर प्रश्न असा की, डब्यातनं खर्ज निघतो का? आणि निघाला तर तो तोच खर्ज का? चरणजित सिंगांच्या तबकडीचं समीक्षण मला याच प्रश्नावरून करायचंय. आजवर ते दुसऱ्याच प्रश्नावरून झालं, आणि माझ्या मते चुकलं.

तो दुसरा प्रश्न असा. १९८२ साली ही तबकडी फारशी कुणी विचारली नाही. पुढे एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाच्या ती हाती लागली, आणि २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन'नं पुन्हा काढली. युरोपात खळबळ झाली. का? कारण चरणजित सिंगांनी वापरली ती दोन यंत्रं, रोलंड कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटानं १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं, त्यापासून अ‍ॅसिड हाउस या नृत्यसंगीताची सुरुवात मानतात, आणि त्याचा आवाजही त्याच ३०३ चा. म्हणजे मुंबईचा सिनेवादक पाच वर्षं आधी! काहींना तर वाटलं ही थाप आहे, कुणीतरी आजकाल बनवून जुनी म्हणून खपवतंय. आपल्याकडंही लगेच छाती फुगली, अ‍ॅसिड हाउसचा जन्म मुंबईत वगैरे.

मला या शर्यतीत रस नाही. 'आधी कोण' हा प्रश्न पेटंट कचेरीचा आहे. शिवाय तो तबकडी ऐकू देत नाही. ३०३ चं 'टीबी' म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. १९८१ च्या सुमारास कंपनीनं ती काढली ती एकट्यानं वाजवणाऱ्या गिटारवाल्यासाठी. बेस वाजवणारा साथीला नसेल तर ही छोटी चंदेरी पेटी साथ करील. बॅटरीवर चालणारी, किलोभर वजनाची. पण तिचा आवाज खऱ्या बेससारखा येईना, म्हणून ती चालली नाही. १९८४ ला उत्पादन बंद. जुन्या बाजारात स्वस्तात पडलेली ती शिकागोच्या पोरांनी घेतली, नमुना चालू ठेवून तिच्या खुंट्या पिळल्या आणि त्या किंचाळण्यातून नवं संगीत काढलं. त्यांनी यंत्राचा गैरवापर केला, फार सुंदर गैरवापर.

चरणजित सिंगांनी उलट केलं. यंत्र ज्या कामासाठी होतं तेच काम त्याला दिलं: साथ. बेस वाजवणाऱ्या माणसानं आपला बेस त्या पेटीकडे सोपवला आणि स्वतःचे हात वर, ज्युपिटर-८ या कीबोर्डवर, रागासाठी मोकळे केले. (ज्युपिटर मात्र वीस किलोंच्या वरची. खर्ज हलका झाला, सूर जडच राहिला!) ही तबकडी म्हणजे भविष्यवाणी नव्हे. एका मुरलेल्या बेसवाल्यानं स्वतःच्या जागी ठेवलेला बदली माणूस आहे तो. तसा ऐका, म्हणजे तिचं यश आणि अपयश दोन्ही वेगळ्या जागी सापडतं.

यश आधी. बेसवाल्याचा हात आपोआप कुठे जातो? षड्ज आणि पंचम. पाश्चात्य असो की सिनेमातला असो, सा-प, सा-प ही त्याची भाकरी. आता या दहा रागांची यादी बघा: भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. यातल्या ललत आणि मालकंसात पंचमच नाही. तोडीत तो जपून घ्यायचा. म्हणजे भाकरीच काढून घेतली. तंबोरावाला अशा वेळी पहिली तार मध्यमात मिळवतो. बेसवाल्यालाही तसंच काहीतरी शोधावं लागतं, सवय मोडावी लागते. फक्त डिस्कोवर राग चिकटवायचे असते तर ही यादी केली नसती. सोपे राग कमी होते का?

दुसरं, ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. ती मींड नव्हे, हे स्पष्ट सांगतो. मींडेला वाटेत रेंगाळता येतं, ही घसरण ठरल्या वेळात उरकते. पण पाच स्वरांच्या रागात, जिथे स्वरांमधली अंतरं मोठी असतात, तिथे ती घसरण शोभते. मालकंस आणि कलावती ही माझ्या मते तबकडीतली सर्वांत पक्की वादनं. तोडी सगळ्यात कच्चं. तोडीचा गंधार अतिकोमल, आंदोलित. तो पट्टीवर बसत नाही, आणि इथे पट्टी सोडून काही नाहीच. ऐकताना वाटतं की तोडीचे कपडे घालून दुसरंच कुणीतरी आलंय.

आता अपयश, आणि इथे जरा थांबतो, कारण माझा मुद्दा हाच आहे.

चरणजित सिंगांनी सांगितलेली गोष्ट साधी आहे. तेव्हा सिनेमात डिस्कोची लाट होती, त्यांना वाटलं तबला काढून राग डिस्कोच्या ठेक्यावर ठेवून बघू. तबला काढला. म्हणजे नेमकं काय काढलं? तीनताल डोळ्यापुढे आणा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. मग खाली: धा तिं तिं ता. तिथे काय होतं? डग्गा उचलला जातो. घुमारा जातो. कोरडी चाट उरते. आणि मग ता धिं धिं धा, डग्गा परत येतो, आणि आपल्याला कळतं, सम जवळ आली. आपल्या संगीतात खर्ज नसणं ही खूण आहे. आवर्तनात आपण कुठे उभे आहोत हे डग्ग्याच्या गैरहजेरीवरून कळतं. योगायोग असा की ३०३ चा नमुनाही सोळा घरांचा! सोळा मात्रांसारखी सोळा घरं. पण त्यात खाली नाही. चार ठोक्यांत सोळा घरं भरली, की पुन्हा तेच, पुन्हा तेच. घर रिकामं ठेवता येतं, पण ते प्रत्येक फेरीत तिथेच रिकामं. त्याला कशाची वाट बघायची नाही. त्यामुळे वरचा हात कितीही सुरेल फिरला तरी पाच मिनिटांत कुठे पोचलो असं होत नाही. सुरू होतं, चालतं, संपतं.

कुणी म्हणेल, तंबोराही तेच करतो की, अखंड तेच. बरोबर. पण तंबोरा तालात नसतो. तो जमीन असतो. ३०३ ला जमीनही व्हायचंय आणि चालही. दोन्ही एकदम होत नाही.

म्हणून मी म्हणतो, खर्ज हलका केल्यानं त्याचं वजन गेलं नाही. गेली ती खाली. टीकाकार आवाजाच्या जाडीबद्दल बोलत राहिले, 'प्लॅस्टिकचा आवाज' वगैरे. जाडी हा दुय्यम भाग आहे.

वजनाची भीती बेसवाल्यांना कायम वाटत आलीय, आणि दर वेळी ती खोटी ठरलीय. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढली ती कशाला? माणसाहून उंच डबल बेस वाहून नेणाऱ्यांची सुटका करायला. चार-साडेचार किलोंची फळी गळ्यात अडकवायची. तेव्हाही लोक म्हणालेच, हा काय बेस झाला. मग गिटार हलकी आणि अ‍ॅम्प्लिफायर जड झाला. १९६९ चा अँपेग एसव्हीटी, तीनशे वॅट, नुसतं डोकं पस्तीस किलोंच्या पुढे. बेसच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१, त्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर. एवढी हवा ढकलायची तर खोकं मोठं लागणार, हा निसर्गाचा हिशेब आहे. लहान खोक्यातून खोल आवाज हवा तर जास्त वीज मोजावी लागते. आता वीज हलकी झालीय एवढंच. नवे अ‍ॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवून तापवत नाहीत, पूर्ण चालू-पूर्ण बंद करतात, म्हणून उष्णता कमी. ट्रान्सफॉर्मर छोटा, चुंबक निओडिमियमचं. माझा डबा त्यातलाच.

आणि पोकळ असण्याची लाज तर आपल्या जिल्ह्यानं बाळगूच नये. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेला जातात, वाळून आतून रिकामे होतात, आणि त्यांच्यावर तंबोरा उभा राहतो. ज्याला आपण गंभीर नाद म्हणतो तो पोकळ भोपळ्यातून येतो. पॉल मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर बेससुद्धा पोकळ आणि हलकी.

माझा अनुभव सांगतो. हलक्या संचावर पहिल्या दिवशी मी घाबरलो, कारण मला माझा स्वर कुठे संपतो ते ऐकू यायला लागलं. जुनं कॅबिनेट घुमायचं. मी स्वर वेळेवर सोडला काय, उशिरा सोडला काय, ते सगळं एका गुंजनात जिरवून टाकायचं. अठरा वर्षं मला वाटत होतं माझा हात भरदार आहे. भरदार होतं ते प्लायवूड. आता सहा महिने मी वाजवण्यापेक्षा तार दाबून गप्प करण्याचा रियाज जास्त करतोय. डाव्या हाताचं बोट उचलायचं, पण तारेवरून काढायचं नाही.

चरणजित सिंगही परतले. सत्तरीत. पुन्हा प्रकाशनानंतर युरोपातल्या मंचांवर बोलावणी आली, तरुण पोरं त्यांच्या रागांवर नाचली. २०१५ च्या जुलैत ते मुंबईत गेले. मला त्या परतण्याचा आनंद आहे, आणि एक बोचही आहे. त्यांना बेससाठी कुणी बोलावलं नाही. त्यांनी स्वतःच्या जागी ठेवलेल्या पेटीसाठी बोलावलं. ज्या माणसानं इतकी वर्षं स्टुडिओत डग्ग्याबरोबर उठबस केली, खाली कुठे सोडायची हे ज्याच्या बोटांना ठाऊक होतं, त्याला ३०३ च्या नमुन्यावर पुन्हा बेस हातात घेऊन वाजव म्हणायला हवं होतं. ती तबकडी निघाली असती तर आज मी तीच लावली असती.

आता आपण यातला मालकंस ऐकू. आवाज मोठा ठेवणार नाही. तबल्याची सवय असलेल्यांनी मांडीवर तीनताल धरा, आणि नवव्या मात्रेला हात उलटा करा. यंत्र थांबणार नाही. तुम्ही उलटा करा.