विज्ञानकादंबरीचे चित्रपट-रूपांतर

विज्ञानकादंबरी वैज्ञानिक कल्पनेचे तर्कशुद्ध विवरण करून वाचकाचा विश्वास संपादन करते. चित्रपटात हे कार्य दृश्याला करावे लागते. त्यामुळे रूपांतराचे यश शब्दनिष्ठेवर वा केवळ तंत्रचमत्कृतीवर अवलंबून नसते. स्तानिस्लाव्ह लेम यांच्या सोलारिस (१९६१) या पोलिश कादंबरीवरील आंद्रेय तारकॉव्हस्की यांच्या चित्रपटात (१९७२) मुळातील शास्त्रचर्चा बव्हंशी गाळून नायकाच्या अपराधभावनेवर भर दिलेला आहे. लेम यांना तो रुचला नाही. तथापि श्रेष्ठ कलाकृती म्हणून तो मान्यता पावला.

मराठीत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या लेखनासंदर्भात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या त्यांच्या कथेत मोबियस पट्टीच्या तत्त्वावर कल्पिलेला डाव्या-उजव्याचा पालट गणेशमूर्तीच्या सोंडेतून प्रत्ययास येतो; ही प्रतिमा पडद्याला सहज पेलणारी आहे. याउलट वामन परत न आला या कादंबरीतील पुष्कळसा आशय शास्त्रज्ञांच्या विचारविनिमयातून उलगडतो. तो निवेदकाच्या मुखी घातल्यास चित्रपटाचे व्याख्यान होईल. वगळल्यास यंत्रमानवाची भयकथा तेवढी उरेल. हाती आलेले ज्ञान वापरावे की नाही, हा तिचा गाभा पात्रांच्या कृतींतून प्रकट झाला, तरच रूपांतर सफल म्हणता येईल.