महानगरीय जाणीव आणि गिरणगावाची कला

मराठी समीक्षेने 'महानगरीय जाणीव' ही संकल्पना प्रामुख्याने एकाकीपण, यांत्रिकता आणि परात्मता या अंगांनी मांडली. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) नंतर रूढ झालेली ही मांडणी निराधार नाही. परंतु तिच्यात महानगर हे व्यक्तिमनाला चिरडणारी परिस्थिती म्हणूनच येते. कलेला जन्म देणारे आणि कलेमुळे घडणारे सामूहिक क्षेत्र हे त्याचे दुसरे रूप त्यामुळे दुर्लक्षित राहते.

या दृष्टीने मुंबईवरील दोन लावण्या लक्षणीय ठरतात. पठ्ठे बापूरावांच्या लावणीत बाहेरून आलेल्याला दिपवून टाकणारे नगरवैभव आहे. अण्णा भाऊ साठे यांनी तोच रचनाप्रकार स्वीकारून त्या वैभवामागील विषमता उघड केली. येथे लावणी केवळ वर्णनाचे साधन राहत नाही. नगरी कोणाची, हा प्रश्न विचारण्याचे ती माध्यम बनते. परंपरेचा हा वापर 'लोककलेचे पुनरुज्जीवन' या शब्दांत मावणारा नाही.

हा प्रश्न विचारता आला, याचे कारण गिरणगावाच्या रचनेत सापडते. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक, चाळींतील भजनी मंडळे, परळच्या दामोदर हॉलमधील कामगारांची नाटके यांत कलावंत आणि प्रेक्षक एकाच श्रमजीवनाचे भागीदार होते. अर्थात या सामूहिकतेचे आदर्शीकरण करणेही चुकीचे ठरेल. गिरण्यांतील विणखात्यात दलित कामगारांना प्रवेश नाकारला जाई. जातीची सीमा श्रमाच्या ठिकाणीही पुसली गेली नव्हती. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) या सामूहिकतेच्याही बाहेर ठेवलेल्या मुंबईचा आवाज आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हे क्षेत्र विस्कटत गेले. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) या विघटनाचे नाटक आहे. त्यातील कामगार कुटुंबात एक मुलगा लेखक होऊ पाहतो, तर दुसरा गुन्हेगारीकडे वळतो. लेखनाची आकांक्षा उरते, पण तिला आधार देणारा समूह उरत नाही. ज्या कामगाराने एकेकाळी रंगमंच उभा केला, तो आता रंगमंचावरील विषय होतो. कर्त्याचे विषयात झालेले हे रूपांतर नाटकाच्या आशयाइतकेच बोलके आहे.

महानगराच्या सांस्कृतिक जीवनाचे मूल्यमापन कलादालने, नाट्यगृहे आणि महोत्सव यांच्या संख्येवरून करणे म्हणूनच अपुरे आहे. कलेची निर्मिती कोणाच्या हाती आहे आणि तिचा प्रेक्षक त्या नगरीत कुठे राहू शकतो, हे प्रश्न साहित्यबाह्य नव्हेत. समीक्षेने त्यांची दखल घेतली नाही, तर 'महानगरीय जाणीव' ही एका वर्गाच्या एकाकीपणाचीच संज्ञा राहील.