वीसपैकी आकडा, आणि फोन उचलणारी बाई

व्हर्जिनिया युबँक्स यांचं ‘ऑटोमेटिंग इनइक्वॉलिटी’ हे पुस्तक २०१८ साली आलं. सरकारी कारभारात अल्गोरिदम आले की गरिबांचं काय होतं, हा त्याचा विषय. पीएचडीच्या पहिल्या वर्षी वाचलं तेव्हा मी भारावून गेले होते. यंदा प्रबंधाचं एक प्रकरण लिहिताना ते पुन्हा उघडलं आणि एका जागी अडकले. कुठे आणि का, ते सांगते.

आधी अल्गोरिदम म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत. ठरलेल्या माहितीला ठरलेले नियम लावून निकाल काढायची रीत. उत्पन्न बघून रेशनकार्डाचा रंग ठरतो, तोही एक अल्गोरिदमच. संगणक आल्यावर दोन गोष्टी बदलतात. नियम दिसेनासे होतात, आणि ‘साहेब, माझं जरा ऐका’ म्हणायला समोर माणूस उरत नाही.

युबँक्स तीन ठिकाणी जातात: इंडियाना राज्यातल्या मदत योजना, लॉस एंजेलिसमधले बेघर, आणि पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेगेनी काउंटीतलं बालसंरक्षण खातं. पैकी इंडियानाचं प्रकरण अंगावर येतं. २००६ साली राज्याने आयबीएम आणि तिच्या भागीदार कंपन्यांशी दहा वर्षांचा, एक अब्ज डॉलरहून मोठा करार केला. त्याआधी प्रत्येक कुटुंबाची फाईल एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे असायची. नव्या पद्धतीत फाईलची कामं झाली. फोन ज्याच्याकडे लागेल त्याने समोर दिसेल ते काम उरकायचं. कागद कमी पडला, सही राहिली, फोनवरची मुलाखत चुकली, तरी शेरा एकच: सहकार्य केलं नाही. तीन वर्षांत दहा लाख अर्ज नाकारले गेले. आधीच्या तीन वर्षांशी तुलना केली तर ही वाढ निम्म्याहून जास्त. २००९ मध्ये राज्याने करार मोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

पण हे आकडे लक्षात राहतात ते युबँक्स यांच्या लिहिण्यामुळे. त्या सुरुवात आकड्यांनी करत नाहीत. एका आजारी लहान मुलीच्या घरी नेतात. तिचा औषधोपचाराचा आधार काढून घेतल्याचं पत्र तिच्याच नावाने आलेलं असतं, आणि कारण तेच, सहकार्य केलं नाही! त्यानंतर ‘पात्रता निकष’ हा शब्द तुम्ही पूर्वीसारखा वाचू शकत नाही.

आता माझी अडचण. ॲलेगेनीमध्ये ऑगस्ट २०१६ पासून एक साधन वापरात आलं. मुलाची हेळसांड होतेय अशी कुणी फोनवर तक्रार केली की संगणक त्या कुटुंबाला १ ते २० मधला आकडा देतो. चौकशी करायची की नाही हे ठरवताना फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर तो असतो. युबँक्स यांचा पहिला आक्षेप मला पूर्ण पटतो. हा आकडा मुख्यतः सरकारी सेवांच्या नोंदींतून येतो. व्यसनमुक्तीचे उपचार खाजगी दवाखान्यात पैसे भरून घेणारं कुटुंब त्या नोंदींत नसतंच. म्हणजे जो सरकारकडे मदत मागतो, त्याच्यावरच संशयाची नोंद वाढते.

दुसरा आक्षेप असा की माणूस आकड्यापुढे झुकतो. आकडा पाहिल्यावर स्वतःचा अंदाज बदलू देण्याची मागणी काही कर्मचाऱ्यांनी केली होती, असं त्या नोंदवतात. साधन हळूहळू माणसालाच घडवतं, असा त्यांचा रोख. पटण्यासारखा आहे, मलाही पटला होता. पण २०२० साली मारिया दे-आर्तेआगा, रिकार्डो फोग्लियातो आणि अलेक्झांड्रा चोल्डेकोवा यांनी याच काउंटीवर एक निबंध प्रसिद्ध केला. तांत्रिक बिघाडामुळे तिथे काही काळ चुकीचे आकडे दिसत होते. आकडा चुकलेला असेल, तिथे कर्मचाऱ्यांनी तो मानण्याची शक्यता कमी होती. चूक झालीय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. समोरची बाकीची माहिती आणि अनुभव त्यांच्याकडे होता.

हा निबंध पुस्तकानंतरचा, त्यामुळे तो का वाचला नाही असं युबँक्स यांना विचारता येणार नाही. त्याने साधन निर्दोषही ठरत नाही. नोंदींत कोण आहे आणि कोण नाही, हे फोन घेणारी कितीही हुशार असली तरी दुरुस्त करू शकत नाही. पण एक प्रश्न उरतो. युबँक्स या कर्मचाऱ्यांजवळ बसल्या, त्यांचं काम पाहिलं. तरी निष्कर्षात यंत्र आणि गरीब कुटुंब असे दोघेच का उरतात? मधल्या बाईला काही कळतं, ही शक्यता मोकळी ठेवता आली असती.

इतकं लिहून मी स्वतःचं प्रकरण उघडलं. त्यात अंगणवाडी सेविकांचा उल्लेख मी ‘पोषण ट्रॅकरच्या वापरकर्त्या’ असा केला होता. २०२१ साली महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, ही घटनाही तिथे होती, पण ‘तांत्रिक अडचणी’ या मथळ्याखाली. कुठल्या घरातलं बाळ का वाढत नाही, हे ॲपच्या आधी सेविकेला माहीत असतं. तिला वेतन नाही, मानधन मिळतं. तिचं ज्ञान हा पेशा आहे, हे सरकारने मानलेलं नाही आणि माझ्या वाक्यानेही मानलं नव्हतं. मी युबँक्स यांच्यावर बोट ठेवत होते आणि तीच चूक जास्त आळसाने करत होते.

आम्हा संशोधकांचंही मोजमाप असंच होतं. यूजीसीने २०१० मध्ये ‘एपीआय’ गुण आणले. २०१८ च्या नियमांत तक्ता बदलला, बेरीज राहिली. मराठीत असं समजावून लिहिलं तर त्या तक्त्यात त्याला घर नाही. ‘हे कुठे धरणार?’ असं मला विचारलं गेलंय, आणि उत्तर ‘कुठेच नाही’ हेच आहे. माझी आणि सेविकेची बरोबरी मी करत नाही, माझ्याकडे फेलोशिप आहे. पण तक्त्यात नसलेलं काम हळूहळू करणाऱ्यालाही फालतू वाटू लागतं, एवढं मला आतून कळलं. आकड्यापुढे झुकण्याबद्दल युबँक्स म्हणतात ते निदान माझ्या बाबतीत खरं निघालं, म्हणायचं.

पुस्तक जरूर वाचा. वेळ कमी असेल तर इंडियाना आधी, ॲलेगेनी नंतर. आणि दुसरं वाचताना प्रत्येक पानावर विचारा: फोन कुणी उचलला? मी प्रकरणातलं ते वाक्य बदललंय. ‘वापरकर्त्या’ काढलं, मथळाही काढला. आता सेविकांनी मोबाईल का परत केले, हे तिथे त्यांच्या बाजूने लिहायचंय. ते अजून जमलेलं नाही.