लेबलवर डकवलेलं नाव

गाणं सुरू झालं आणि मी सवयीने फोन वर धरला. वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका छोट्या गावातला कामगारांचा क्लब, शनिवारची रात्र. लाकडी फ्लोअरवर कुणीतरी टाल्कम पावडर शिंपडून ठेवली होती, आणि साठी ओलांडलेली माणसं त्या पावडरीवरून अशी घसरत, गिरक्या घेत होती की मला माझ्या तिशीतल्या गुडघ्यांची लाज वाटली. गाणं ओळखणाऱ्या ॲपने दोनदा प्रयत्न केला आणि हात टेकले. शेजारच्या बाई हसल्या. "ते नाही सांगणार तुला. कव्हर-अप आहे ते."

कव्हर-अप म्हणजे काय, हे मला माहीत होतं; पुस्तकात वाचलं होतं. डीजेला एखादी दुर्मीळ रेकॉर्ड सापडते. ती काय आहे हे दुसऱ्या डीजेला कळलं तर तोही ती शोधून काढेल, आणि मग ती वाजवणारा आपण एकटे उरणार नाही. म्हणून तो लेबलवर कागद डकवतो आणि त्यावर खोटं नाव लिहितो: खोटा गायक, खोटं शीर्षक. लोक त्या खोट्या नावानेच गाण्याची फर्माईश करतात, त्यावर महिनोन् महिने नाचतात. ही युक्ती इंग्लंडमध्ये जन्मलेली नाही. जमैकात पन्नासच्या दशकात साउंड सिस्टिमवाले रेकॉर्डची लेबलं खरवडून टाकत. कॉक्सन डॉडने अमेरिकन सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सनची एक रेकॉर्ड 'कॉक्सन हॉप' असं स्वतःचंच नाव देऊन वाजवली, आणि तिचं मूळ शोधताना प्रतिस्पर्धी ड्यूक रीडला घाम फुटला. मी पुण्यात वाढले, त्यामुळे मला यात परकं काही वाटलं नाही. खाजगी मैफलीची टेप कपाटात कुलूपबंद ठेवून पाहुण्यांना फक्त पाच मिनिटं ऐकवणारे काका आपल्याकडेही घरोघरी आहेत.

पण नॉर्दर्न सोलमध्ये ही लपवाछपवी निव्वळ सवय नाही, सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. ते कसं, हे कळायला या प्रकाराची विचित्र जन्मकथा थोडक्यात सांगायला हवी.

नावातलं 'नॉर्दर्न' संगीताचं नाही, ऐकणाऱ्यांचं आहे. गाणी अमेरिकेतली: डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस. गाणारे बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. नाचणारे उत्तर इंग्लंडच्या गिरण्या, खाणी आणि कारखान्यांच्या गावांतली, मुख्यतः गोरी, कामगार घरांतली मुलं. डेव्ह गॉडिन नावाच्या पत्रकाराचं लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनला 'सोल सिटी' हे दुकान होतं. फुटबॉलच्या मॅचसाठी उत्तरेकडून येणारी पोरं तिथे नव्या फंकच्या रेकॉर्डकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांना हवा असे चार-पाच वर्षांपूर्वीचा, मोटाउन धाटणीचा वेगवान ठेका. दुकानातल्या माणसांनी वेळ दवडू नये म्हणून गॉडिनने या मालाला 'नॉर्दर्न सोल' म्हणायला सुरुवात केली. पुढे १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या त्याच्या लेखातून ते नाव रूढ झालं.

गंमत पाहा. अमेरिकेतलं संगीत पुढे निघून गेलं होतं आणि या मुलांना पुढे जायचं नव्हतं. पण दर आठवड्याला नाचायला नवं गाणं तर हवंच. मग नवं आणायचं कुठून? जुन्यातूनच. साठच्या दशकाच्या मध्यावर मोटाउनचं यश पाहून अमेरिकेच्या शहराशहरांत शेकडो छोट्या कंपन्या निघाल्या होत्या. त्यांनी पाचशे-हजार प्रतींच्या रेकॉर्ड छापल्या, रेडिओने त्या वाजवल्या नाहीत, आणि माल गोदामांत धूळ खात पडला. उत्तरेतल्या डीजेंनी आणि विक्रेत्यांनी हा आपटलेला माल उपसला. म्हणजे नॉर्दर्न सोलचा इतिहास हा हिट गाण्यांचा नाही, पडलेल्या गाण्यांचा आहे. संगीताचा दुसरा कुठलाही प्रकार इतक्या निष्ठेने अपयशावर पोसला गेला असेल असं मला वाटत नाही. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' घ्या. १९६५ ची बी-साइड, अमेरिकेत कुणी विचारलं नाही, इंग्लंडच्या उत्तरेत लोक त्यावर जीव टाकून नाचले. मग १९८१ मध्ये सॉफ्ट सेलने ते पुन्हा गायलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. तुमच्या आईवडिलांना कदाचित तेच ठाऊक असेल.

इथला डीजे आजच्या अर्थाने डीजे नव्हे. दोन गाणी एकमेकांत मिसळणं, ठेका जुळवणं वगैरे काही नाही. रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजते, मध्ये तो माइकवर दोन शब्द बोलतो, पुढची लावतो. हाताचं कसब जवळपास शून्य. त्याची सगळी कला त्याच्या पेटीत असते: काय शोधलं, काय विकत घेतलं, कशावर पैज लावली. त्यामुळे लेबल झाकणं ही त्याची चोरी नाही, पोट आहे, हे आधी मान्य करू. विगन कसीनोत (१९७३ ते १९८१) रात्रभर, सकाळी आठपर्यंत, दारूशिवाय चालणाऱ्या ऑल-नायटरना दूरदूरच्या गावांतून पोरं येत, कारण तिथे वाजणारं गाणं दुसरीकडे ऐकायला मिळायचं नाही.

(दारू नव्हती, पण ॲम्फेटामीनच्या गोळ्या होत्या. आठवणींच्या कार्यक्रमांत हा भाग हलकेच गाळला जातो.)

आता माझी तक्रार. फ्रँक विल्सन हा मोटाउनमधला गीतकार आणि निर्माता. १९६५ मध्ये त्याने 'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)' स्वतः गायलं. प्रसिद्धीपूर्व प्रती छापल्या गेल्या, मग त्याने गायकीऐवजी निर्मितीच करायचं ठरवलं आणि प्रती नष्ट करण्यात आल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे गाणं इंग्लंडमध्ये पोचलं आणि 'एडी फॉस्टर' या नावाखाली वाजलं. त्याच नावाने त्याच्या चोरट्या प्रतीही निघाल्या. शेकडो लोक एका माणसाच्या आवाजावर जीव ओवाळत होते आणि नाव घेत होते दुसऱ्याच कुणाचं. खऱ्या नावाने ते ब्रिटनमध्ये अधिकृतपणे निघालं १९७९ मध्ये. पुढे २००९ साली मूळ प्रतींपैकी एक लिलावात २५,७४२ पौंडांना गेली. विल्सन तेव्हा हयात होता. जुन्या रेकॉर्डच्या फेरविक्रीत गायकाला वाटा नसतो.

हे नीट वाचलं की नॉर्दर्न सोलच्या प्रेमातली अडचण दिसते. हे प्रेम खरं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. याच लोकांनी मेजर लान्ससारख्या गायकाला इंग्लंडात बोलावून डोक्यावर घेतलं, आणि स्टोकजवळच्या 'टॉर्च' क्लबमध्ये १९७२ साली त्याच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं, त्यातली गर्दी ऐकली की अंगावर काटा येतो. पण त्याच प्रेमात गायकाचं नाव हे डीजेचं भांडवल होतं, आणि भांडवल झाकून ठेवायचं असतं.

स्मरणरंजनाचं म्हणाल, तर ते इथे नंतर आलं नाही, पहिल्यापासून होतं. फक्त त्याचा पत्ता बदलत गेला. आधी ओढ होती १९६५ च्या डेट्रॉइटची, जे या मुलांनी पाहिलंच नव्हतं. मग विगन कसीनोतच 'मिस्टर एम्स' नावाची दुसरी खोली निघाली, खास 'ओल्डीज'साठी, म्हणजे या चळवळीच्याच आधीच्या क्लबांत गाजलेल्या गाण्यांसाठी. चार-पाच वर्षांपूर्वीच्या नाचाची आठवण म्हणून नाच! त्याच काळात ब्लॅकपूलच्या मेक्का बॉलरूममध्ये इयन लेव्हाइन आणि कॉलिन कर्टिस ताज्या अमेरिकन रेकॉर्ड लावू लागले, तर जुन्याला चिकटलेल्यांनी लेव्हाइन हटाओची मोहीमच उघडली. कसीनो बंद पडल्यावर स्टॅफर्डच्या 'टॉप ऑफ द वर्ल्ड'मध्ये काही डीजेंनी हट्टाने साठच्या दशकातली पण कधीच न ऐकलेली गाणी लावली. मला ते लोक या सगळ्या कथेत सर्वांत आवडतात. जुन्यात राहूनही त्यांनी आठवणीला शरण जायचं नाकारलं.

आज ओढ १९६५ ची नाही, १९७५ ची आहे. डेट्रॉइटची जागा विगनने घेतली. कसीनोची इमारत केव्हाच गेली, तिथे 'ग्रँड आर्केड' हा मॉल आहे. आणि जुलै २०२३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसी प्रॉम्समध्ये, आख्खा वाद्यवृंद घेऊन नॉर्दर्न सोलची मैफल झाली. वाजलं छान, पण या गाण्यांना खुर्च्या नकोत, फरशी हवी.

दोन फिल्म शेजारी ठेवून पाहाव्यात. टोनी पामरने १९७७ मध्ये ग्रॅनडा टीव्हीसाठी केलेला 'द विगन कसीनो' हा माहितीपट नाचाच्या मध्ये गिरण्या, खाणी, जुन्या उत्तरेची दृश्यं पेरतो. युक्तिवाद सरळ आहे: कामात पिचलेलं शरीर इथे मोकळं होतं. थोडा ठोकळेबाज, पण त्यातले चेहरे खरे आहेत, घामेजलेले, कॅमेऱ्याकडे लक्ष नसलेले. एलेन कॉन्स्टन्टाइनचा २०१४ चा 'नॉर्दर्न सोल' हा चित्रपट उलट बाजूने येतो. १९७४ मधली लँकेशायरमधली दोन पोरं. अमेरिकेत जाऊन रेकॉर्ड शोधायच्या आणि डीजे व्हायचं, एवढंच त्यांचं स्वप्न. कपडे, नाच, वॉलपेपर, सगळं इतकं काटेकोर की धाप लागते. नटांना नाच शिकवायला दिग्दर्शिकेने प्रदीर्घ तालमी घेतल्या होत्या, ते दिसतं. पण मला खटकलं ते हे: ती दोघं ज्यांच्या आवाजासाठी समुद्र ओलांडायला निघालीत, ती माणसं चित्रपटात फक्त लेबलवरची नावं आहेत. पामरला निदान तो काळ चालू असताना चित्रित करत असल्याची सबब होती. चाळीस वर्षांनी बनलेल्या चित्रपटात कुणीतरी त्या कागदाखाली पाहायला हवं होतं.

आणि आता माझी स्वतःची फजिती. त्या क्लबमध्ये सुरुवातीचा तासभर कुणीही येऊन दोन रेकॉर्ड लावाव्यात अशी मुभा होती. मी फ्रँक विल्सनची नवी छापलेली फॉर्टीफाइव्ह नेली होती, काही पौंडांची. डेकमागच्या सद्गृहस्थांनी ती उलटसुलट पाहिली आणि फार प्रेमाने परत दिली. "ओरिजिनल नाहीये, लव्ह." (तिकडे अनोळखी बाईलाही 'लव्ह' म्हणतात, आपल्या 'बाळा'सारखं.) 'ओरिजिनल व्हाइनल ओन्ली', म्हणजे पहिल्या छपाईचीच प्रत वाजवायची, हा अनेक ठिकाणी कडक नियम आहे.

मी घरी जाईपर्यंत धुसफुसत होते. नंतर नियमाची बाजू समजली. लॅपटॉपवर सगळ्यांकडे सगळंच असतं, म्हणून सगळे तेच वाजवतात. मूळ प्रतीचा आग्रह धरला की डीजेला निवड करावी लागते, आणि प्रत्येकाची पेटी वेगळी राहते. पण त्याच नियमाने पंचविशीतल्या पोरीला डेकपर्यंत येऊच दिलं नाही, कारण चांगली पेटी भरायला गाडीच्या किमतीइतके पैसे लागतात. आणि दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो. हजार पौंडांची मूळ प्रत विकली तर पैसे एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात. रीतसर परवाना घेऊन पुन्हा छापलेल्या रेकॉर्डवर मात्र रॉयल्टी द्यावी लागते. १९८२ मध्ये लंडनला सुरू झालेल्या केंट रेकॉर्ड्सने हेच केलं: हक्क घेतले, गायकांचा माग काढला, त्यांची नावं आणि चरित्रं मलपृष्ठावर छापली. मग अस्सल कुठली म्हणायची, जिच्यामुळे गायकापर्यंत काहीतरी पोचतं ती, की जिच्यामुळे नाही ती?

हे सगळं मी त्या रात्री त्या गृहस्थांना ऐकवलं असतं. पण पहाटे, शेवटच्या तीन गाण्यांनंतर (विगनमध्ये ठरलेली तीनच असत, आठच्या आधीची, इथेही तीच लावली), ते पेटी आवरत होते तेव्हा मी विचारलं, ते मघाचं कव्हर-अप काय होतं? त्यांनी रेकॉर्ड काढून दाखवली. लेबलवर पांढरा गोल कागद, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं एका बाईचं नाव, उघडच बनावट. कागदाची कड जराशी सुटली होती. नखाने उचलली असती तर निघाली असती.

"पाच वर्षांनी ये," ते म्हणाले. "तोवर दुसऱ्या कुणाला सापडलं नसेल तर सांगतो."

त्याला सहा वर्षं झाली. ॲपच्या त्या फसलेल्या प्रयत्नानंतर मी गुपचूप केलेलं अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग अजून फोनमध्ये आहे. आधी कुणाच्यातरी टाळ्या, मग पितळी वाद्यं, मग एक बाई वरच्या पट्टीत काहीतरी म्हणते आणि कट. मी ते अजून कुणालाही पाठवलेलं नाही.