दर्शनी भागाच्या मागे

भारतीय वास्तुकलेवरच्या पुस्तकांना गेल्या पंधरा-वीस वर्षांत चांगले दिवस आले आहेत. कागद जाड, छपाई देखणी, फोटो तर असे की पानाला लावण्याआधी हात पुसून घ्यावासा वाटतो. पण यांतली बरीचशी पुस्तके मिटल्यावर एक साधा प्रश्न मनात राहतो : या इमारतींत माणसे राहतात की नाही? फोटो घेण्याआधी दोरीवरचे कपडे उतरवलेले असतात, दाराबाहेरच्या चपला हलवलेल्या असतात, गच्चीवरची काळी टाकी चौकटीबाहेर राहील याची काळजी घेतलेली असते. मजकुरात प्रकाश, अवकाश आणि मौन यांची वर्णने. पहिल्या पावसात कोणती भिंत झिरपली, गिलावा किती वर्षे टिकला, रहिवाशांनी गॅलरी कधी बंद करून घेतली, याविषयी एक ओळ नाही. खर्चाचा आकडा तर जवळजवळ कुठेच सापडत नाही.

इमारत उभी कशी राहिली आणि माणसे राहायला आल्यावर तिचे पुढे काय झाले, या दोन प्रश्नांना जे भिडते त्याला मी वास्तुकलेचे पुस्तक म्हणतो. बाकीचे आल्बम. कसोटी कडक आहे, पण तिला उतरणारी काही पुस्तके याच काळात निघाली आहेत, आणि त्यांच्याविषयी मराठीत फारच कमी बोलले गेले आहे.

पहिले नाव घ्यायचे ते ‘द स्ट्रक्चर : वर्क्स ऑफ महेंद्र राज’ या २०१६ च्या पुस्तकाचे. वंदिनी मेहता, रोहित राज मेहंदीरत्ता आणि आरिएल ह्यूबर यांनी ते सिद्ध केले. महेंद्र राज हे स्ट्रक्चरल इंजिनिअर. ल कार्बुझिए, लुई कान, दोशी, कोरिया, राज रेवाल अशा सगळ्या वास्तुकारांबरोबर त्यांनी काम केले, आणि इमारतीच्या पाटीवर बहुतेक वेळा त्यांचे नाव लागले नाही. हे पुस्तक त्यांच्या कचेरीतली मूळ ड्रॉइंग्ज समोर ठेवते. दिल्लीच्या प्रगती मैदानावरच्या ‘हॉल ऑफ नेशन्स’ची पाने मी पुन्हा पुन्हा उघडतो. १९७२ च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी बांधलेले हे दालन म्हणजे त्रिकोणी चौकटींची एक प्रचंड जाळी. आत एकही खांब नाही. असली जाळी जगभर पोलादी नळ्यांची करतात, कारण नळ्या सांध्यावर बोल्टने जोडता येतात. आपल्याकडे तेवढे पोलाद परवडणारे नव्हते, म्हणून ती जागेवरच काँक्रीटमध्ये ओतायचे ठरले. आता अडचण अशी की प्रत्येक सांध्यात अनेक दिशांनी आलेल्या सळया एकाच बिंदूत घुसतात. त्या एकमेकींना अडवणार नाहीत, मधे काँक्रीट शिरायला जागा राहील आणि ओतताना पोकळी राहणार नाही, हे सगळे कागदावर आधीच सोडवावे लागते. पुढचे काम सेंट्रिंगवाल्या सुतारांचे आणि घमेली वाहणाऱ्या मजुरांचे. ड्रॉइंगमधला तो एक सांधा नीट पाहिला, की त्या काळातला देश कोणत्या अडचणीत होता आणि त्याच्यापाशी काय कसब होते, हे दोन्ही कळते.

पुस्तक निघाल्यावर वर्षभरात, एप्रिल २०१७ मध्ये, ते दालन पाडले गेले. साठ वर्षे पूर्ण न झालेली इमारत वारसा ठरत नाही, असा निकष पुढे करण्यात आला. दालनाचे वय होते पंचेचाळीस. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयाने २०२२ मध्ये ‘द प्रोजेक्ट ऑफ इंडिपेंडन्स’ हे दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचे प्रदर्शन भरवले. त्याच्या ग्रंथात भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका शेजारी शेजारी बसलेले दिसतात. रणधीर सिंग यांनी त्यासाठी इमारतींचे नव्याने घेतलेले फोटो मला मोलाचे वाटतात, कारण त्या इमारतींना त्यांनी त्यांच्या आजच्या वयानिशी उभे केले आहे. पण हॉल ऑफ नेशन्स तिथेही जुन्या फोटोंतूनच भेटणार. आपल्या आधुनिक वास्तुकलेवरची उत्तम पुस्तके मृत्युलेखासारखी वाचावी लागतात, याचे मला मनापासून दुःख आहे.

बाळकृष्ण दोशींच्या बाबतीत तक्रार वेगळी आहे. पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले दोशी २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्काराचे मानकरी ठरले, आणि पाठोपाठ २०१९ मध्ये व्हिट्रा संग्रहालयाने ‘आर्किटेक्चर फॉर द पीपल’ हा भारदस्त ग्रंथ काढला. ग्रंथ प्रेमाने केलेला आहे. पण इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीकडे पाहा. गरीब कुटुंबाला जोते, संडास-न्हाणी आणि नळाची जोडणी द्यायची. पुढचे घर त्याने पैसे जमतील तसे वाढवायचे, ही त्या योजनेची सगळी हिंमत. १९९५ चा आगाखान पुरस्कार तिला मिळाला तो त्यासाठीच. दोशींनी नमुना म्हणून ऐंशी घरे बांधून दाखवली. आज तीस-पस्तीस वर्षांनंतरही पुस्तकापुस्तकांतून फिरतात ती मुख्यतः त्या ऐंशी नमुन्यांचीच चित्रे : रंगीत जिने, कोवळे ऊन, ओट्यावर बसलेली मुले. ज्या हजारो घरांसाठी हा खटाटोप होता ती कशी वाढली? किती जणांनी वरचा मजला भाड्याने दिला? कोण विकून गेले? योजना यशस्वी झाली की फसली हे या उत्तरांवर ठरणार, आणि नेमकी तीच पाने आपल्या हाती येत नाहीत.

हे काम मुंबईवरच्या दोन पुस्तकांनी करून दाखवले आहे. नीरा आडारकर यांनी संपादित केलेले ‘द चॉल्स ऑफ मुंबई : गॅलरीज ऑफ लाइफ’ २०११ चे. आडारकर स्वतः आर्किटेक्ट, आणि मीना मेनन यांच्यासह गिरणगावाचा मौखिक इतिहास त्यांनी आधीच सिद्ध केलेला. त्यामुळे चाळीचे गोडवे गाऊन हे पुस्तक थांबत नाही. गॅलरी ही एकाच वेळी रस्ता, अंगण, माडीची ओसरी आणि पहारा कशी असते, खोलीतल्या माणसाला ती किती आधार देते आणि तरुण मुलीला किती जाचक होते, हे त्यातल्या लेखांमधून उलगडते. निखिल राव यांचे ‘हाउस, बट नो गार्डन’ २०१३ चे. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दादर-माटुंग्याला आखणी केली आणि तिथे ब्लॉकची संस्कृती जन्मली, हा त्याचा विषय. राव सगळा इतिहास एका संडासावर आणून ठेवतात. चाळीत तो सामाईक, मागच्या बाजूला, मैला उचलणाऱ्या कामगाराला घराला न शिवता येता-जाता यावे अशा गल्लीला लागून. तो घरात, स्वयंपाकघरापासून चार पावलांवर आणायचा, म्हणजे सोवळ्याओवळ्याची सगळी मांडणी हलणार. फ्लशने आणि गटारांच्या जाळ्याने ते शक्य केले, पण लोकांच्या मनाने ते स्वीकारायला वेळ घेतला. आज आपण जाहिरातीत ‘सेल्फ-कंटेन्ड’ हा शब्द सहज वाचतो. त्याच्या पोटात जातीचा एवढा मोठा व्यवहार आहे, हे राव यांच्याआधी कुणी इतके स्पष्ट मांडलेले मी वाचले नव्हते. भाषा मात्र विद्यापीठीय आहे, आणि नकाशे अजून हवे होते.

राहुल मेहरोत्रा यांच्याशी माझे अर्धे जमते. १९९० नंतरच्या भारतीय वास्तुकलेवरचा त्यांचा २०११ चा ग्रंथ आजही पहिल्यांदा हाती द्यावा असा आहे. भांडवलाच्या घाईतून उठलेले काचेचे मनोरे, प्रादेशिक मातीतले काम, पर्यावरणाची आच असलेले पर्यायी प्रयोग, अशा वाटा ते वेगळ्या करतात. आणि बहुतेक समीक्षक ज्यांच्याकडे तोंड फिरवतात त्या संगमरवरी नव्या देवळांनाही ते स्वतंत्र प्रकरण देतात, कारण लोकांच्या पैशाने आणि इच्छेने आज सर्वांत जोमात जे बांधले जाते त्यात ती देवळे आहेत. २०२१ च्या ‘द कायनेटिक सिटी’मध्ये मात्र हे शहर दगडाविटांचे नसून हलते, तात्पुरते, रोज उभे राहून रोज मोडणारे आहे, हा त्यांचा विचार इतका आकर्षक होतो की फेरीवाल्याची ताडपत्री ही त्याची निवड आहे की नाइलाज, हा प्रश्न बाजूला पडतो.

त्यांच्याच पुढाकाराने झालेले २०१३ च्या प्रयाग कुंभाचे पुस्तक मात्र महाराष्ट्राने आज मुद्दाम वाचावे, कारण २०२७ मध्ये नाशिकचा सिंहस्थ आहे. बांबू, दोरी, कापड, पत्रा असल्या मोजक्या सामानातून काही आठवड्यांत लाखोंचे शहर उभे राहते आणि तसेच निघून जाते, हे त्यात मोजून-मापून नकाशांसह दाखवले आहे. फक्त एक सावधगिरी हवी. प्रयागला गंगा मागे हटल्यावर मोकळी वाळू मिळते. नाशिकला गोदावरीच्या दोन्ही बाजूंना पंचवटी आणि जुने गाव दाटलेले, त्र्यंबकेश्वर डोंगराच्या कुशीत अडकलेले. तिथे तात्पुरत्यासाठी जागा करायची म्हणजे कायमचे काहीतरी काढावे लागते. साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांवरून पेटलेला वाद त्याचाच. नाशिकची अशी मोजदाद आताच सुरू व्हायला हवी.

बायकांच्या कामाची दखल उशिरा का होईना घेतली गेली. मेरी वुड्स यांचे २०१६ चे आणि माधवी देसाई यांचे २०१७ चे, अशी दोन पुस्तके आहेत. १९३६ मध्ये जे. जे.मधून पदविका घेणाऱ्या पेरिन मिस्त्रींपासून आजपर्यंतच्या स्त्रिया त्यांत भेटतात. पण आर्किटेक्टबाईंची नोंद झाली तरी बांधकामावर विटा वाहणारी बाई अजून कुठल्याच पुस्तकात आलेली नाही. फोटोत असते, डोक्यावर पाटी घेऊन, नाव नसलेली.

गोव्याने या बाबतीत थोडे पुढचे पाऊल टाकले. हेता पंडित यांनी ‘हाउसेस ऑफ गोवा’नंतर खुद्द बांधणाऱ्या कारागिरांवर ‘हिडन हँड्स’ लिहिले. जांभ्याचा चिरा, चुन्याचा गिलावा, काचेच्या जागी शिंपले बसवलेली खिडकी, यांमागचे हात त्यात दिसतात. पाउलो व्हरेला गोमिश यांनी २०११ मध्ये गोव्याच्या चर्चवास्तूंवर लिहिताना, ही पोर्तुगालची नक्कल नव्हे, इथल्याच समाजाने आपल्यासाठी घडवलेली वास्तुकला आहे, हे पायऱ्यापायऱ्यांनी सिद्ध केले. स्वतः पोर्तुगीज असलेल्या अभ्यासकाने ते करावे याचे मला विशेष वाटते.

आणि मराठी? आपल्याकडे सुरुवात तर झकास झाली होती. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, ना. वि. जोशींचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ चे. पुढे मात्र इमारती आपल्याला ललित लेखकांनी दाखवल्या. चाळ पु. लं.नी, वाडा एलकुंचवारांनी. माणसे जिवंत भेटली. आराखडा, तुळई, जोते कुणी काढून दाखवले नाही. आचऱ्याचे अच्युत कानविंदे, भारतातल्या आधुनिक वास्तुकलेचे एक प्रवर्तक, त्यांच्यावरचा ‘आकार’ हा २०१७ चा ग्रंथ इंग्रजीत आहे. पुण्याचे नरेंद्र डेंगळे यांनी थोर वास्तुकारांशी साधलेले संवाद २०१५ मध्ये ‘मार्ग’ने काढले, तेही इंग्रजीत. मराठी दुकानात या विषयाच्या फळीवर दिशा, दोष आणि त्यांवरचे उतारे यांचीच पुस्तके ओळीने लावलेली. घर बांधायला निघालेला शिक्षक किंवा शेतकरी तीच घेऊन जातो, आणि ईशान्येला पाण्याची टाकी आली की निर्धास्त होतो. स्लॅबला पाणी किती दिवस मारायचे हे त्याला कुणी सांगत नाही.

वास्तुकार लॉरी बेकर यांनी हे सांगण्याचे काम केरळात केले होते. स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या चित्रांसह काढलेल्या त्यांच्या पातळ पुस्तिका त्रिशूरच्या ‘कॉस्टफोर्ड’ने स्वस्तात पोहोचवल्या. वीट आडवी न ठेवता उभ्या कडेवर लावून भिंतीत पोकळी ठेवली की सुमारे पाव विटा वाचतात आणि उन्हाची धगही कमी लागते. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळया घेतात, काँक्रीट नुसते ओझे होऊन बसते. तिथे सळयांच्या मधे जुनी मंगलोरी कौले घातली की सिमेंट वाचते आणि वजन उतरते. चित्र पाहिल्यावर कुठल्याही गवंड्याला हे समजते. निगुतीने छापलेल्या सगळ्या ग्रंथांच्या तुलनेत या पुस्तिकांमुळे जास्त घरे उभी राहिली असतील, अशी माझी खात्री आहे.

अशा पुस्तिकांची आपल्याकडे किती गरज आहे, ते किल्लारीने दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथल्या भूकंपात सुमारे १० हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. दरवर्षी गळती थांबवायला वर आणखी मातीचा थर टाकायचा, त्याने छप्पर जड होत जायचे. भिंतीला दोन कातडी, आतले आणि बाहेरचे, मधे दगडगोट्यांची भर. हादरा बसताच दोन्ही फुगून सुटी झाली. उपाय महागडे नाहीत. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फूट अंतरावर घालायचा, दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या घराला वेढणारा काँक्रीटचा पट्टा ओतायचा, माळवदावरची जादा माती उतरवायची. हे तंत्र भारतीय मानकांत आहे, इंजिनिअरिंगच्या क्रमिक पुस्तकांत आहे. धाराशिव-लातूरच्या गवंड्याच्या हातात मराठीत, चित्रांसह, वीस-तीस रुपयांत ते असायला हवे. दुसरे पुस्तक मुंबईत हवे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी पुनर्विकासात एकेक करून पडत आहेत. शंभर वर्षे उभ्या राहिलेल्या त्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत कुठे माळा होता, कुठे मोरी, कुठे अंथरुणांची घडी, याची मोजमापे घेऊन एक जाडजूड मराठी पुस्तक उरलेल्या चाळी पडायच्या आत काढता येईल. वास्तुकलेच्या महाविद्यालयांत मोजमाप घ्यायला शिकवतातच. विद्यार्थ्यांना यंदा तिकडे पाठवावे.